आभाळातली कंपनी

८ डिसेंबर २०२५ ला उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या संकेतस्थळावर भारतातले भाव झळकले. महिन्याला ८,६०० रुपये आणि यंत्रसामग्रीचे ३४,०००. बातम्या झाल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या, आणि लगोलग कंपनीने सांगून टाकलं की भारतातली साइट अजून सुरूच झालेली नाही; चाचणीसाठी भरलेले आकडे गडबडीत बाहेर दिसले, खरे भाव ठरायचे आहेत.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत मात्र तोवर वाद पेटला होता. अप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तांब्याची तार, खांब, एक्स्चेंज, पुढे फायबरचे जॉइंट, सगळं हाताखालून गेलेलं. त्यांची पुतणी मृण्मयी पुण्यातलं बिऱ्हाड आवरून घरी परतली आहे आणि आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत पोचलंय. वाडी तिथून ओढा ओलांडून तीन किलोमीटरवर. मोबाइलला माजघराच्या खिडकीत दोन काड्या येतात, लाइट गेली की टॉवरही थोड्या वेळात मान टाकतो. मी शेजारी. चहाला गेलो होतो, तो जेवणाच्या वेळेपर्यंत उठलो नाही.

मृण्मयी: आकडा खोटा असेल काका, पण येतंय हे तर नक्की ना? मी ठरवलंय. तीन हजारांच्या आसपास आलं की घ्यायचं.

अप्पा: कुणाचं?

मृण्मयी: कुणाचं म्हणजे? स्टारलिंकचं.

अप्पा: उपग्रह-इंटरनेटचे परवाने तिघांकडे आहेत. वनवेबला २०२१ मध्ये मिळाला, जिओच्या उपग्रह कंपनीला २०२२ मध्ये, स्टारलिंकला या जूनमध्ये. ह्यूजेस तर त्याच्या कितीतरी आधीपासून एटीएम आणि पेट्रोल पंप उपग्रहावरून जोडून देतेय. अ‍ॅमेझॉन दारात उभी आहे. तू एकच नाव घेतेस, कारण तेच रोज कानावर पडतं.

मृण्मयी: मी एकच नाव घेते, कारण बाकीचे मला विकणारच नाहीत. वनवेब कंपन्यांना देते, सरकारला देते, जहाजांना देते. घरगुती गिऱ्हाइकाशी तिचा संबंध नाही. जिओने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पेसफायबर म्हणून दिल्लीत दाखवलं, गीर, कोरबा, नबरंगपूर, जोरहाट अशी चार ठिकाणं जोडूनही दाखवली. दोन वर्षं झाली. दुकानात मिळतं का?

अप्पा: नाही. तसं स्टारलिंकही मिळत नाही.

मृण्मयी: मिळेल तेव्हा माझं ठरलेलं असेल, एवढंच.

अप्पा: आणि ही नावं वेगवेगळी दिसतात म्हणून निवड आहे असं समजू नकोस. वनवेबमध्ये एअरटेलवाल्या भारती समूहाचा पैसा. ह्यूजेसच्या भारतातल्या कंपनीत एअरटेलची भागी. मार्च २०२५ मध्ये एअरटेलनेच स्टारलिंकशी करार केला, आणि दुसऱ्या दिवशी जिओनेही केला. उद्या तू राजापुरात तबकडी घ्यायला जाशील ती ज्या दुकानात आज सिमकार्ड घेतेस त्याच दुकानात.

मृण्मयी: मग चांगलंच की. तबकडी बिघडली तर बदलून मागायला माणूस समोर असेल. मला वाटत होतं सगळं अ‍ॅपवरच, तक्रार टाका आणि वाट बघा.

इथे अप्पांचा डाव उलटला, असं मला वाटलं. त्यांना मक्तेदारी दाखवायची होती, आणि पुतणीला त्यात काउंटर दिसला. खेड्यात राहणाऱ्या माणसाला काउंटर दिसणं स्वाभाविक आहे. कुरिअरवाला आमच्याकडे तालुक्याच्या गावापर्यंतच येतो, पुढे 'तुम्हीच येऊन घेऊन जा' असा फोन. तोही रेंज असली तर.

अप्पा: बरं, आज जे मिळू शकतं ते का नाही घेत? सप्टेंबर २०२२ पासून ह्यूजेस इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वरून ब्रॉडबँड देतेय. घराऐवजी होमस्टेच्या नावाने चौकशी केलीस तर निदान उत्तर तरी देतील.

मृण्मयी: ते उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. माझा प्रश्न वर जाणार, खाली येणार. मुलाचं उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. चार खेपा, एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा अर्ध्या सेकंदाला थोडं कमी, आणि यंत्रांचा वेळ वेगळाच. वर्गात काय होईल सांगू? मी विचारणार, उणे गुणिले उणे किती? समोर शांतता. मला वाटणार कुणालाच येत नाही, म्हणून मी उत्तर सांगायला तोंड उघडणार, आणि नेमकी तेव्हाच चार मुलं 'अधिक' म्हणून ओरडणार. मग मी थांबणार, तीही थांबणार, आणि पुढची पाच मिनिटं 'तू बोल, नाही तू बोल'.

अप्पा: आम्ही काढलेत तसे दिवस. परदेशचे कॉल नारायणगावजवळच्या आर्वीच्या भूकेंद्रातून उपग्रहावर जायचे. १९७० च्या दशकातली गोष्ट. माणसं एक वाक्य बोलून थांबायला शिकली होती. भांडणंसुद्धा रांगेत व्हायची.

मृण्मयी: तेरा वर्षांची मुलं नाही थांबत काका. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, त्यांचा उशीर जाणवत नाही. वनवेबचे १,२०० वर, तेही चालतील. जिओ ज्या एसईएस कंपनीबरोबर आहे, तिचे ८,००० वर. तेवढाही मी सहन करीन. पण छत्तीस हजारांवरचा उपग्रह शिकवण्यासाठी नाही. हवामान बघायला, बिल भरायला, सिनेमा बघायला ठीक.

हे तिचं म्हणणं मला पटलं, आणि उपग्रहाची सेवा निवडणाऱ्या कुणीही पहिला प्रश्न हाच विचारावा असं वाटलं: घरात नेटवर बोलणं जास्त आहे की बघणं? बघायचंच असेल तर उंचीवरचा उपग्रह वाईट नाही. जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरात असतो, उशीर कुठेच नसतो.

अप्पा मात्र उठून आत गेले आणि नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आले. त्याला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट. झाला ओळंबा.

अप्पा: चल खळ्यात. तुझा जवळचा उपग्रह चांगला आहे, पण तो एका जागी बसत नाही. एक जातो, दुसरा येतो, सारखा बदल. त्यामुळे त्या तबकडीला मोकळं आभाळ लागतं, सगळीकडून. साधारण एकशेदहा अंशांचा पसारा. म्हणजे क्षितिजापासून पस्तीस अंशांच्या वर झाड नको, डोंगर नको, घराचा कोपरा नको. आता बघू.

त्यांनी एक डोळा मिटून कोनमापकाच्या सरळ कडेवरून माडाचा शेंडा धरला, नट लोंबकळून स्थिर होऊ दिला, आणि मृण्मयीने दोरा कुठे टेकतो ते वाचून वहीत लिहिलं. उत्तरेचा डोंगर एकवीस. तो चालला. पूर्वेकडचे दोन माड, चौपन्न आणि अठ्ठेचाळीस. पश्चिमेचं हापूसचं कलम, एक्केचाळीस. दक्षिणेला भाताचे मळे, तिथे सगळं मोकळं. माडाच्या झावळ्या वाऱ्यावर पाच-सहा अंश हलत होत्या, म्हणून प्रत्येक आकडा दोनदा घ्यावा लागला. अप्पांना याची घाई नव्हती. सर्व्हेचं काम त्यांनी पगारासाठी केलं असेल, पण हे ते हौसेने करत होते.

अप्पा: उपग्रह माडाआड गेला की काही सेकंद तार तुटणार. सिनेमाला कळणार नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरलेला असतो. तुझ्या वर्गाला कळेल. उलट तुला नको असलेला तो लांबचा जीसॅट-११, तो चौऱ्याहत्तर अंश पूर्वेवर, म्हणजे जवळजवळ आपल्याच रेखांशावर. इथून सरळ दक्षिणेला, सत्तर अंश वर. त्याला आगरातून एवढासा झरोका मिळाला तरी बास. जन्मभर तिथेच असतो तो.

मृण्मयी: मग तबकडी खळ्यात नको, वर सड्यावर लावू.

अप्पा: खोक्यात केबल येते पंधरा मीटर. सडा किती लांब आहे?

मृण्मयी: गोठ्याच्या छपरावर?

अप्पा: गोठा चालेल. पश्चिमेचं कलम मागे पडतं, माड एकच आड येतो.

मृण्मयी: तो वठलाच आहे.

अप्पा: माड तोडायचा नाही.

यावर कुणी काही बोललं नाही. अमेरिकेतल्या मोकळ्या शेतात तबकडी ठेवून 'बघा, दोन मिनिटांत चालू' म्हणणारे व्हिडिओ मीही पाहिलेत. त्यांच्या आणि आमच्या आभाळात आणखी एक फरक अप्पांनी जाता जाता सांगितला. स्टारलिंकचे बरेच उपग्रह विषुववृत्ताशी त्रेपन्न अंशांचा कल धरून फिरतात, म्हणून पन्नास अंश अक्षांशाच्या आसपास त्यांची दाटी होते. आपण सोळा-सतरा अंशांवर. इथे एका वेळी डोक्यावर असणारे उपग्रह कमी. म्हणजे एक माड आड आला तर पर्यायी उपग्रह सापडण्याची शक्यताही तिकडच्यापेक्षा कमी. शिवाय वांदर. आमच्याकडे टीव्हीची तबकडी वांदरांनी वाकवली नाही असं घर दाखवा. सपाट, उन्हात तापणारी पाटी म्हणजे त्यांना बसायला पाटच. केबल पाइपातून घेतली नाही तर पहिल्या आठवड्यात ओढून ठेवतील. या गोष्टी कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसतात.

पावसावर दोघांचं जोरात वाजलं.

अप्पा: जुलैत टीव्हीवर काय दिसतं? निळा पडदा आणि 'सिग्नल उपलब्ध नाही'. स्टारलिंकची तबकडी ज्या लहरी घेते त्या त्याच केयू बँडच्या, छतावरच्या टीव्हीच्या तबकडीसारख्याच. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर ओततो. पावसाच्या थेंबाला कंपनीचं नाव वाचता येत नाही.

मृण्मयी: टीव्हीचा सिग्नल एकतर असतो नाहीतर जातो. यांचा आधी वेग कमी होतो, मग अगदीच धो धो लागला तर तुटतो, आणि सर ओसरली की परत येतो. तुमच्या फायबरचं काय? पाऊस काचेच्या तंतूला काही करत नाही हे मान्य. पण तो तंतू लटकतो खांबावर, खांबाशेजारी आईन, आईनाची फांदी पडते, आणि मग जॉइंट मारायला माणूस गणपती झाले की येतो.

अप्पा: फांदी पडली तर कुठे पडली ते दिसतं. शिडी लावता येते. आभाळात शिडी लावता येत नाही.

मृण्मयी: आणि निसर्ग वादळात? ३ जून २०२० ला दापोली-मंडणगडकडे किती खांब उभे राहिले होते? आत्याचा आवाज ऐकायला आपल्याला किती थांबावं लागलं? कित्येक आठवडे लाइट नाही, फोन नाही. ज्याचं सगळं जमिनीवर, त्याचं सगळं एकदम झोपलं. वर असणाऱ्याला वारा लागत नाही.

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. आत्या म्हणजे त्यांची सख्खी बहीण.

अप्पा: ते खरं आहे. त्या दिवसांत एक तबकडी गावात असती तर गावाचं काम झालं असतं. पण वरचंही झोपतं. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंक जगभर एकदम बंद पडली होती. सॉफ्टवेअरचा दोष.

मृण्मयी: किती वेळ?

अप्पा: अडीच तास.

मृण्मयी: अडीच तास! काका, आपल्या इथला टॉवर अडीच तासांत परत आला तर आपण पेढे वाटू.

विजेचा हिशेब मात्र तिने केलेला नव्हता, तो त्यांनी करून दिला. स्टारलिंकची नेहमीची तबकडी सरासरी पाऊणशे ते शंभर वॅट घेते. दिवसाला दोन युनिटांच्या पुढेमागे, महिन्याला साठ-सत्तर युनिट, म्हणजे आमच्या साध्या घराचं बिल जवळजवळ दुप्पट. घरात दीडशे अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी आहे. जुनी झालेली, पंखे-दिवे बंद ठेवले तरी तिच्यावर ही तबकडी रात्रभर निघेल की नाही शंका. त्यापेक्षा लहान, मिनी नावाची पाटी येते, ती पंचवीस ते चाळीस वॅटमध्ये चालते. वेग थोडा कमी. गावच्या घराला मिनीच बरी, असं दोघांचंही मत पडलं. सबंध संध्याकाळीत एकमत झालेली ही बहुधा एकमेव गोष्ट. फायबरचा डबा दहा-बारा वॅटवर चालतो, हे अप्पांनी तरीही सांगितलंच.

मृण्मयीचे मेहुणे अमेरिकेत असतात. नाताळात येणार आहेत. 'येताना मिनी घेऊन येतो, बॅगेत मावते' असा त्यांचा निरोप.

अप्पा: त्यांना सांग, चॉकलेटं आणा. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणं १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. गेल्या वर्षी डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका पर्यटक बाईला अडवलं होतं. तिच्याकडे काय होतं, तर डोंगरात हरवलं तर निरोप पाठवायचं छोटं उपग्रह यंत्र. आणि समजा विमानतळावर सुटलात, तरी तबकडीला आपण कुठे आहोत ते कळतं. ज्या देशात सेवा सुरू नाही तिथे ती चालू होत नाही. चौतीस हजारांचं पोळपाट होईल.

मृण्मयी: पण इथे सुरू झाल्यावर?

अप्पा: इथे सुरू झाल्यावर इथलं घे. आणि आगाऊ पैसे द्यायचे नाहीत. मार्च २०२१ मध्ये यांनीच नव्व्याण्णव डॉलर घेऊन भारतात नोंदणी सुरू केली होती, परवाना हातात नसताना. नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने लोकांना जाहीर सांगितलं की यांचं काही घेऊ नका. पुढच्या जानेवारीत पैसे परत करावे लागले. परत दिले, हे त्यांच्या बाजूने सांगतो.

मृण्मयी: म्हणजे माणसं बरी आहेत.

अप्पा: माणसांचं मी बोलतच नाही. मी मोजमापाचं बोलतोय. ऐक गो. जुलैमध्ये दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर काय म्हणाले? स्टारलिंकला भारतात वीस लाखच गिऱ्हाइकं घेता येतील, वेग दोनशे एमबीपीएसपर्यंत, महिना तीन हजारांच्या घरात. तुझा तीन हजारांचा आकडा तिथूनच आलाय. आता बातम्यांत असं आहे की भारतासाठी सहाशे गिगाबिट क्षमता मागितली आहे. सहाशे गिगाबिटला वीस लाखांनी भाग.

गणिताच्या बाईंनी वहीची मागची बाजू उलटली.

मृण्मयी: शून्य पूर्णांक तीन. माणशी शून्य पूर्णांक तीन एमबीपीएस.

अप्पा: बघ.

मृण्मयी: पण सगळे एकदम वापरत नाहीत ना. मोबाइलचंही हेच गणित असतं. फायबरचंसुद्धा.

अप्पा: असतं. पण फायबर कमी पडलं तर दुसरा तंतू टाकता येतो. उपग्रहाचा झोत जमिनीच्या एका मोठ्या तुकड्यावर पडतो आणि त्या तुकड्यातली सगळी घरं त्यात वाटेकरी. तुझ्या एका घरात तबकडी असेल तोवर झकास. वाडीतल्या चाळीस घरांनी घेतली, पलीकडच्या गावांनी घेतली, की रात्री नऊला बघ. ही सेवा थोड्यांनी घेतली तरच चांगली. म्हणून तिला भावही थोड्यांनाच परवडेल असा लागतो. तो तांत्रिक दोष नाही, तिचा स्वभाव आहे.

माझ्या मते संध्याकाळभरातलं सगळ्यात वजनदार वाक्य हे. 'खेड्यापाड्यात इंटरनेट पोचवणारी सेवा' असं तिचं वर्णन रोज वाचायला मिळतं. पोचवते खरी; पण विरळ वस्तीला, एकट्या घराला, घाटमाथ्यावरच्या शाळेला, समुद्रातल्या बोटीला. चारशे उंबऱ्यांच्या गावाला ती पुरत नाही, आणि चारशे उंबरे ती घेणारही नाहीत. मे २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने सुचवलं की उपग्रह कंपन्यांनी उत्पन्नाच्या चार टक्के स्पेक्ट्रमसाठी भरावेत, आणि शहरी गिऱ्हाइकामागे वर्षाला आणखी पाचशे. खेड्यातल्या गिऱ्हाइकामागे हे पाचशे नकोत. हेतू चांगला. पण वर्षाला पाचशे वाचले म्हणून महिन्याच्या तीन हजारांचा अडथळा दूर होत नाही.

मृण्मयी: मग राज्य सरकारने नोव्हेंबरात स्टारलिंकशी करार कशाला केला? महाराष्ट्र पहिलं राज्य म्हणून एवढं मिरवलं.

अप्पा: इरादापत्र ते. ५ नोव्हेंबरचं. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम. शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कार्यालयं. त्यात राजापूर नाही, आणि घरं तर नाहीतच.

मृण्मयी: भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की पलीकडची गावं तुटतात. तिथल्या आरोग्य केंद्रावर तबकडी नको?

अप्पा: हवीच. आधी हवी होती. मी कुठे नको म्हणालो? जिथे तार नेणं खरोखर कठीण आहे तिथे आभाळातूनच द्यायला पाहिजे. पण आपल्याकडे तार नेणं कठीण नाही. तीन किलोमीटर, एक ओढा. २०११ मध्ये ही फायबरची योजना मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं भारतनेट झालं, २०२३ च्या ऑगस्टात आणखी एक लाख एकोणचाळीस हजार कोटी मंजूर झाले. एवढं करून ती तार ग्रामपंचायतीच्या कपाटाशेजारी येऊन थांबली. कोकणात ग्रामपंचायत एका वाडीत असते आणि माणसं दहा वाड्यांत. माझी भीती एकच आहे. ज्यांना गरज जास्त, आणि ज्यांच्याकडे चार पैसे, ती घरं तबकडी लावणार. तुझ्यासारखी, शिकलेली, बोलणारी. मग ग्रामसभेत फायबर मागायला उरणार कोण?

मृण्मयी: हे बरोबर नाही काका. म्हणजे तुमच्या फायबरसाठी मी ओलीस राहायचं? माझे वर्ग आज आहेत. खिडकीत मोबाइल टांगून, हॉटस्पॉट लावून, दर पंधरा मिनिटांनी 'माझा आवाज येतोय का' विचारत मी शिकवते. टाळेबंदीत इथली मुलं पुस्तकं घेऊन सड्यावर जाऊन बसायची, तेव्हाही सगळे म्हणत होते की फायबर येतंय. त्यातली मोठी झाली, मुंबईला गेली.

अप्पा: कळतं मला.

मृण्मयी: आणि तबकडीसाठी मला कुणाच्या अर्जावर कुणाची सही लागत नाही. खोकं आणा, लावा. तुमच्या खात्यात फोन मिळायला किती वर्षं लागायची?

अप्पा: ते काढू नकोस.

मी हसलो, तेही हसले. पण तिचा मुद्दा हसण्यावारी नेण्याचा नव्हता. एकट्या घराला स्वतःच्या जोरावर सोय करून घेता येणं, हे आमच्याकडे विहिरीपासून चालत आलंय. नळयोजनेची वाट बघत कुणी तहानलेलं राहत नाही, आणि स्वतःची विहीर आहे म्हणून कुणी नळयोजनेला विरोधही करत नाही. अप्पांची भीती विरोधाची नाही, उदासीनतेची आहे, आणि ती खरी ठरलेली मी पाहिली आहे. एसटीचं बघा. ज्या घरांत मोटारसायकली आल्या, त्या घरांतून वस्तीची गाडी बंद झाल्याबद्दल एक पत्र गेलं नाही.

शेवटी दोघं व्यवहारावर आली. मृण्मयीने वहीत नवं पान काढलं आणि भाव जाहीर झाल्यावर दुकानात काय विचारायचं ते ती लिहू लागली. महिन्याचा करार की वर्षाचा. गणपती-दिवाळीत पाहुणे असतात तेवढेच महिने घेऊन मध्ये बंद ठेवता येईल का. ठरलेला डेटा संपला की वेग किती पडतो, आणि तो संध्याकाळीच पडतो का. तबकडी बिघडली तर राजापुरात बदलून मिळेल की रत्नागिरीला पाठवायला सांगतील, आणि तोवर दुसरी देतील का.

अप्पा: आणखी एक लिही. इन-स्पेस या अंतराळ नियामकाची स्टारलिंकला दिलेली परवानगी पाच वर्षांची आहे, जुलै २०३० पर्यंत. पुढे काय, ते विचार. कारण या कंपनीची तबकडी त्या कंपनीला चालत नाही. सिमकार्डासारखं नंबर तोच ठेवून पलीकडे जाता येत नाही.

मृण्मयी: दुकानातल्या पोराला हे माहीत असेल?

अप्पा: नसेल. म्हणून तर विचारायचं. तो काय उत्तर देतो त्यावरून दुकान कळतं.

मृण्मयी: तोवर?

अप्पा: तोवर दुसऱ्या कंपनीचं एक सिम घे, आणि बाहेर खांबावर लावायचा अँटेनावाला राउटर घे. तुझ्या खिडकीत दोन काड्या आहेत, गोठ्याच्या छपरावर चार असतील. तबकडीच्या मानाने खर्च थोडा. कदाचित तेवढ्यावरच भागेल.

मृण्मयी: कदाचित.

अप्पा: आणि फायबरचा अर्ज जानेवारीच्या ग्रामसभेत परत टाकतोय. चाळीस घरांच्या सह्या. तुझी तबकडी आली तरी त्यातली सही काढायची नाही.

मृण्मयी: नाही काढणार. पण मागच्या अर्जासारखं नुसतं 'त्वरित कार्यवाही व्हावी' लिहू नका. ग्रामपंचायतीपासून वाडीपर्यंत खांब किती लागतात, त्यातले विजेचे किती आधीच उभे आहेत आणि नवे किती घालायचे, ते मोजून आकडा घाला. कोनमापक आहेच तुमच्याकडे, टेप मी आणते.

अप्पा: नवे अकरा लागतील.

मृण्मयी: मोजलेत?

अप्पा: मागच्याच पावसाळ्यात. अर्जात घालायचं सुचलं नाही.